आधी बाई, मग बाजा

माझ्या भाचीचा, रेखाचा फोन आला तेव्हा मी खामगावच्या घरी तुरीची डाळ पाखडत होते. "आत्या, बाबा गेले वं..." एवढंच म्हणाली आणि रडायला लागली. खोटं कशाला सांगू, मला आधी रागच आला. पुढच्या आठवड्यात दादा माझ्याकडे येणार होता. बाजाच्या भात्याची चीर चिकटवतो, मग येतो, असं त्यानंच फोनवर सांगितलं होतं. आणि हा असा न सांगता निघून गेला! जन्मभर स्वतःचंच खरं केलं, जाताना तरी कुणाला विचारायचं होतं. सूप तसंच टाकून मी माहेरची, जानेफळची बस धरली आणि गाव येईपर्यंत मनातल्या मनात त्याच्याशी भांडत राहिले.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चार एकरांत सोयाबीन-तूर, आणि लग्नसराईत गळ्यात ॲकॉर्डियन. तरणा असताना त्यानं खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये दोन हंगाम काम केलं. आता सायकल घेऊन येईल अशी घरची समजूत, तर हा एका मोडलेल्या ऑर्केस्ट्राचा ॲकॉर्डियन छातीशी धरून आला. आईनं कपाळावर हात मारला. "हे काय आनलं बे?" दादा म्हणाला, "बाजा हाय. तू म्हन, मी वाजवतो." शिकवायला कुणी नव्हतं. आई आणि मी हळदीची, मांडवाची गाणी म्हणायचो, तो एकेक पट्टी दाबून आमच्या मागे मागे यायचा. जिनिंगमध्ये राहिलेल्या त्या पेटीतून दर चार दिवसांनी कापसाचे धागे निघायचे, ते काढताना शिव्या द्यायचा. पारावरची माणसं हसायची, बाप्या असून बायांची गाणी वाजवतो म्हणून. तो म्हणायचा, सिनेमाची वाजवायला गावोगाव बँड आहेत, ही कोण वाजवणार?

एकदा मात्र त्याची चांगली जिरली. देऊळगाव राजाला एका लग्नात हळदीला बोलावलं होतं, मीही सोबत होते. दादा तेव्हा नावाजलेला, अंगात थोडा रुबाब आलेला. बसल्या बसल्या त्यानं आमच्या जानेफळच्या उंच सुरात वाजवायला सुरुवात केली. तिकडच्या बाया खालच्या पट्टीत म्हणतात, हे त्याच्या ध्यानीमनी नाही. दोन ओळी त्यांनी गळा ताणून पाहिला, मग एकेक करत सगळ्या गप्प झाल्या. त्यांच्यातली सर्वांत म्हातारी बाई पदर खोचून उठली. "तुमच्या बाजालाच गाऊ द्या बापा, आम्ही पोळ्या लाटतो." आणि खरंच सगळ्या उठून स्वयंपाकाकडे गेल्या! दादा मांडवात एकटा.  परतीच्या बसमधून जानेफळला उतरल्यावर म्हणाला, "कमे, आजपासून आधी बाई, मग बाजा." तेव्हापासून कुठंही गेला तरी तो पेटी मिटून बसायचा. जी बाई गाणं उचलणार तिनं आधी एकटीनं म्हणायचं, तिचा सूर सापडला की मगच भाता उघडायचा.

हा नियम पुढं माझ्यासाठी असा उभा राहील, असं मला कधी वाटलं नव्हतं. माझे यजमान गेले तेव्हा मी चाळिशीतही नव्हते. आमच्याकडे अशा बाईनं हळदीच्या पाटाजवळ जायचं नाही, गाणं उचलायचं तर नाहीच. कुणी तोंडावर बोलत नाही, पण बसायला जागा मागं देतात. मी गाणं सोडलं. सोडलं म्हणजे काय, भांडी घासतानाही तोंड मिटून घासायची. दादा दर भेटीत विचारायचा, मी विषय बदलायची.

मग रेखाची, त्याच्या एकुलत्या एका लेकीची हळद आली. मी मागच्या खांबाशी बसले. थोरल्या काकूंनी दुसऱ्या एका सुनेला पुढं बसवलं. तिनं गाणं उचललं, बाकीच्यांनी साथ धरली, आणि दादा? दादा गळ्यात पट्टे अडकवून, पेटी मिटून ढिम्म बसलेला! एक गाणं झालं, दुसरं झालं. काकू म्हणाल्या, "वाजव ना बे, काऊन रुसून बसला?" तर म्हणतो कसा, "मी या घरात जिच्या सुरावर शिकलो, ते मांगं बसून राह्यली. तिनं उचललं का वाजवतो." मांडवभर कुजबुज. मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं, संतापही आला, स्वतःच्या लेकीच्या हळदीत कुणी असा तमाशा करतं? तेवढ्यात रेखा पाटावरून बोलली. तोंडभर हळद, डोळ्यात पाणी. "आत्या, म्हन ना वं. माह्या हळदीले बाबाचा बाजा मुका ठेवशीन काय?" माझा आवाज फाटका, किती वर्षांचा गंजलेला. तरी उचललं. दादानं भाता उघडला आणि त्या फाटक्या सुराशी असा येऊन चिकटला की माझं मलाच बरं वाटलं.

त्यानंतर आम्ही बहीणभाऊ कितीतरी मांडव फिरलो. कुणी नाक मुरडलं की दादा पट्टे काढायला लागायचा. त्याच्या बाजासाठी लोक मला सोसायचे, हे मला ठाऊक होतं. आता तो गेल्यावर मला कोण बोलावणार, हा प्रश्न त्याच्या चितेसमोर उभी असतानाही माझ्या मनात आला. लाज वाटली, पण आला.

मागच्या आठवड्यात शेजारच्या लताबाई पत्रिका घेऊन आल्या. अडखळत म्हणाल्या, "काकू, हळदीले या. आता तुमचे दादा नाहीत, तं आम्ही स्पीकर सांगितला..." मी म्हटलं, "स्पीकर घटकाभर बंद ठेवा. मी येते, आणि पुढं बसते."

गेले. पुढं बसले. दोन-तीन माना वळल्या, वळू देत. हात मांडीखाली दाबले आणि पहिली ओळ उचलली. बायांनी साथ दिली. ओळ संपली आणि मी थांबले. प्रत्येक ओळीनंतर दादा तीच ओळ एकदा बाजावर म्हणायचा, आम्ही तेवढ्यात श्वास घ्यायचो. इतक्या वर्षांची सवय.  मागून एक म्हातारी म्हणाली, "म्हन ना वं बाई पुढं, काऊन थांबली?"

मी म्हटलं, "दादाची ओळ होऊ द्या."

सगळ्या थांबल्या. मग मी दुसरी उचलली.