टाक्यातली वाम

काटिंगोने टाक्याच्या तोंडातून वाकून पाहिलं, तेव्हा खाली काळ्या पाण्यावर एक पांढरट पट्टी तरंगत होती. तिने बादली सोडून ती पट्टी ढकलून पाहिली. पट्टी वळवळली नाही, नुसती बाजूला सरकली. बारा वर्षं त्या टाक्यात राहिलेली वाम पोट वर करून मेली होती.

बेटावरच्या प्रत्येक जुन्या टाक्यात वाम सोडलेली असते. सापासारखी लांब अशी ही मासळी डासांची अंडी खाते, किडे खाते, आणि ती पोहतेय तोवर घरातली माणसं निर्धास्त पाणी पितात. काटिंगोची मुलगी नोमिकी हिने या उतारावरच्या शेतात पाहुण्यांसाठी पाच दगडी खोल्या बांधल्या, तेव्हाही वामेला कुणी हात लावला नाही. इथली वीज छपरावरच्या उन्हाची, पाणी हिवाळ्यात गच्चीवरून टाक्यात उतरलेलं, संडासात पाण्याऐवजी भुसा. शहरातले लोक आठ-आठ दिवस येऊन राहायचे आणि या हलाखीला सुख म्हणायचे. काटिंगोला त्याचं हसू यायचं. तिचा जन्म याच सुखात गेला होता आणि कुणी कधी कौतुक केलं नव्हतं.

आज मात्र तिला हसू येत नव्हतं. आदल्या दिवशीची गोष्ट तिला आठवत होती. ऑगस्टातला मेरीमातेचा सण चार दिवसांवर आलेला, आणि सणाआधी पायऱ्या, ओटे, टाक्याचा काठ, सगळं पांढरं झालंच पाहिजे. चुना शेजारच्या झानिसने पिंपात भिजवून खेचरावरून आणून दिला. पांढरा रंग खुलावा म्हणून काटिंगोने त्यात चार मोठे चमचे नीळ कालवली. तिची आईही तेच करायची. टाक्याचा काठ रंगवताना बादली कुठे ठेवलीय याचा तिला अंदाज आला नाही. कोपर लागलं आणि अर्धी बादली आत गेली. तिने कानोसा घेतला. जवळपास कुणी नव्हतं. चुन्याने पाणी साफच होतं, दरवर्षी आपण मूठभर टाकतोच की, असं मनाला समजावून ती गप्प बसली.

पण चुन्याने वाम मरत नाही.

ती कोठीत गेली आणि फळीवरचा निळीचा डबा चाचपला. डबा काठोकाठ भरलेला, झाकणावर धूळ. शेजारचा डबा अर्धा रिकामा. तिने त्यातल्या पुडीला बोट लावून ते जिभेच्या टोकाला टेकवलं आणि लगेच थुंकली. तोंड तुरट झालं. मोरचूद. द्राक्षवेलींवर फवारायचं मोरचूद.

दोन्ही निळेच, पण एक गर्द आणि एक आकाशी. बेटावरच्या पोरांनाही तो फरक कळतो. काटिंगोला आता दोन्ही सारखेच काळपट दिसत. दीड वर्षापूर्वी सिरोस बेटावरच्या डॉक्टरने स्वच्छ सांगितलं होतं, डोळ्याची नस वाळत चाललीय, गेलेली नजर परत यायची नाही. घरी येऊन तिने सांगितलं, "चष्मा दिलाय." झाकली मूठ सव्वा लाखाची. कारण नोमिकीने आणि पिरेअस शहरात राहणाऱ्या तिच्या भावाने आधीच ठरवून ठेवलं होतं की आईला दिसेनासं झालं, की आईने त्याच्या चौथ्या मजल्यावरच्या घरी जायचं. इथे उघडी टाकी, तुटके बांध, रात्री कंदील. आंधळ्या बाईचं इथे काम नाही. त्यांचं काही चुकत नव्हतं आणि म्हणूनच काटिंगोला ते सहन होत नव्हतं.

बाहेर पेल्यात चमचे वाजले. नाश्ता सुरू झाला होता.

काटिंगो धावली. शहात्तर वर्षांची बाई, एका हाताने भिंत धरून धावली. मांडवाखालच्या टेबलावर सातूचे कडक टोस्ट, अंजिरं, आणि मधोमध डोंगरी चहाचं वाफाळतं पातेलं. तिने ते पातेलंच उचललं आणि जमिनीवर उपडं केलं. पाहुणे दचकून उभे राहिले.

"आई! डोकं फिरलंय का तुझं?" नोमिकी ओरडली.

"पाणी पिऊ नका. कुणीच नाही. वाम मेलीय."

नोमिकीच्या तोंडचं पाणी पळालं. तिने पाहुण्यांना त्यांच्या भाषेत घाईघाईने सांगितलं, आणि तेवढ्यात टोकाच्या खोलीतली हॉलंडची बाई दारात येऊन रडायला लागली. तिची पाच वर्षांची मुलगी लोटे पहाटेपासून ओकत होती. काल रात्री जेवताना पोरीला तहान लागली, तेव्हा दोन पेले भरून काटिंगोनेच तिच्या हातात दिले होते.

तीन दिवस मेल्टेमी वारा पिसाळला होता आणि बोटी बंद होत्या. बंदरावरच्या डॉक्टरला नोमिकीने फोन लावला. त्याने एकच विचारलं, पाण्यात काय गेलंय आणि किती? नोमिकीने बादलीभर पाणी उपसलं. तळाशी निळा-हिरवा गाळ बसला.

"मोरचूद!" ती म्हणाली. त्याच वेळी झानिस दुधाचे कॅन घेऊन खेचरासह चढ चढून येत होता. फोन कानाला तसाच ठेवून ती त्याच्यावर तुटून पडली. "झानिसकाका, चुना कुठल्या पिंपात भिजवला होता?"

"नेहमीच्याच. का गं?"

"त्याच पिंपात वेलींचं औषध कालवलं होतं ना?"

"धुतलं होतं गं. तीनदा धुतलं होतं."

"धुतलं म्हणे! स्वतःला तरी कधी धुता का? एका पोरीच्या जिवाशी आलंय!"

एरवी झानिसने एकाला दोन सुनावल्या असत्या. आज त्याने टोपी काढून हातात घेतली आणि मान खाली घातली. "राहिलं असेल कुठे सांदीत. म्हातारा झालो, पोरी. चुकलंच असेल माझं."

"किती असेल?"

"चिमूटभर. जास्त नसणार."

"चिमूटभर आहे, डॉक्टर," नोमिकी फोनवर म्हणाली. "चुन्यातून आलंय."

काटिंगो भिंतीला टेकून उभी होती. गप्प राहणं किती सोपं होतं! झानिसने आळ स्वतःच अंगावर घेतला होता. पोरगी बरी झाली असती, महिन्याभरात सगळे विसरले असते, आणि तिला याच ओट्यावर मरता आलं असतं. तिला ते फार हवं होतं. पण खोलीतून पोरीच्या ओकण्याचा आवाज येत होता, आणि तिकडे डॉक्टर चिमटीचा हिशोब करत होता.

"चिमूटभर नाही," ती म्हणाली. "चार मोठे चमचे. आणि अर्धी बादली आत सांडली. झानिसचा चुना चांगला होता. मी कालवलं. नीळ समजून."

"नीळ समजून? अगं, डोळे असलेल्या कुणालाही..." नोमिकीचे शब्द तिथेच थांबले.

"तेच सांगतेय," काटिंगो म्हणाली. "डॉक्टरला आधी सांग. मला नंतर बोल."

नोमिकीने आकडा सांगितला. डॉक्टरचा सूर बदलला. झानिसच्या कॅनमधलं दूध पोरीला थोडं थोडं पाजा, बाकी सगळ्यांवर लक्ष ठेवा, मी निघतोच, म्हणाला. खडबडीत रस्त्याने तो तासाभरात पोचला आणि दुपार टळेपर्यंत खाटेजवळून हलला नाही. काटिंगो खोलीबाहेरच्या पायरीवर बसून होती. आत जायची तिची हिंमत होत नव्हती. झानिस तिच्या शेजारी येऊन बसला. "माझ्या चुन्याची अब्रू वाचवलीस गं," तो एवढंच म्हणाला आणि बराच वेळ उठला नाही. दुपारी पोरीने कलिंगड मागितलं, तेव्हा डॉक्टरने पहिल्यांदा पाठ टेकली.

ऊन उतरलं तेव्हा नोमिकी फोन घेऊन आईजवळ आली. तिचे डोळे सुजले होते. पलीकडे तिचा भाऊ होता.

"तू सांगितलं नसतंस तरी चाललं असतं ना," ती हळूच म्हणाली. "काकाने कबूल केलं होतं."

"हो."

"काय सांगू याला?"

काटिंगोने गुडघ्यांवर हात टेकले. "सांग, वारा पडला आणि बोट सुरू झाली की येते."

तिचा आवाज जराही हलला नाही. नोमिकीला मात्र ते वाक्य भावाला सांगायला दोनदा सुरुवात करावी लागली.