हिरव्यातलं निळ्यात

मुलगा यॉरित फोनवरच्या घरच्या ग्रुपमधून बाहेर पडला आणि बाउक्येच्या मागे हे नसतं शुक्लकाष्ठ लागलं. आयुष्यभर स्नेक गावच्या पोहण्याच्या तलावावर तिकिटं फाडली. आता निवृत्तीत बाईने पोटच्या पोरांचे निरोप वाहायचे.

"त्या हिरव्या अ‍ॅपच्या मालकांवर माझा विश्वास नाही, आई," मुलगा म्हणाला होता. "मी निळ्यावर आहे. यायचं त्याने तिकडे यावं."

मुलगी हिस्के ऑफिसचं काम घरूनच करते. तिच्यासमोर दिवसभर चार ठिकाणचे निरोप टिंगटिंगत असतात. ती भडकलीच. "याच्या तत्त्वांपायी मी पाचवं अ‍ॅप घेऊ? साहेबांनी फोन करावा की!"

साहेबांनी फोन केला नाही, बाईसाहेबांनीही नाही. तत्त्व कसलं आलंय, दोघंही हट्टाला पेटलेली.

बाउक्येने मुकाट्याने दोन्ही अ‍ॅप घेतली. हिरव्यात नातीचा फोटो आला की तो निळ्यात टाकायचा, निळ्यातली यॉरितची होडी हिरव्यात. वर पदरचे शब्द घालायचे. हिस्के नुसतं 'छान' लिहायची. निळ्यात ते 'हिस्केला फार आवडली, तुझी आठवण काढत होती' होऊन पोचायचं. एकाचा वाढदिवस असला की घरच्या बाकीच्यांचंही अभिनंदन करायची इकडची रीत. तीही ही एकटीच दोन्हीकडून पार पाडायची. थकून जायची बिचारी.

"दोघांकडे एकमेकांचे नंबर आहेत ना?" शेजारची टेटी कॉफी ओतताना म्हणाली. "मग तू कशाला मधे तडफडतेस गं?"

"मी सोडलं आणि ती बोललीच नाहीत तर?"

टेटीने बिस्किटाचा डबा पुढे सरकवला.

मार्चमध्ये बाउक्येच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा तिने मनाशी एक बेत केला. इस्पितळात फक्त हिस्केचा नंबर द्यायचा आणि आपला फोन बंद ठेवायचा. म्हणजे खुशाली विचारायला यॉरितला बहिणीलाच फोन करावा लागेल. आईच्या जिवापुढे हट्ट किती टिकणार?

गुंगी उतरल्यावर नर्सने तिला उशीला टेकवून बसवलं. घशाला कोरड पडली होती, तरी तिने पाण्याआधी फोन मागितला आणि सुरू केला.

हिरव्यात हिस्के होती : 'आई, डॉक्टरांचा फोन आला होता, सगळं नीट झालंय. यॉरितला कळव.'

निळ्यात यॉरित : 'आई, ऑपरेशन कसं झालं? जरा हिस्केला विचारून सांग ना.'

बाउक्येला आधी हसू आलं. मग डोळे भरून आले, तिने चष्मा काढून बाजूला ठेवला, आणि नर्सला वाटलं गुडघा दुखतोय.

"गोळी देऊ का, आजी?"

"नको. चष्मा दे."

चष्मा लावून तिने हिरव्यातला निरोप उचलला आणि निळ्यात टाकला : 'हिस्के म्हणते, आई ठीक आहे.' क्षणभर थांबली. मग सवयीने पुढे लिहिलं : 'तुझी चौकशी करत होती.'