गाळाचं माळवद

साखराबाई कुणाच्याही घरात शिरली की आधी वर बघायची, माणसांकडं नंतर. आमच्या घरी ती पहिल्यांदा आली तेव्हा स्लॅबकडं बघून म्हणाली, "सिमिट? मग मला कावून बोलिवलं?" चहा मात्र पूर्ण पिऊन गेली. अशा फटकळ बाईचं नाव साखरा कुणी ठेवलं, देव जाणे.

धारूरच्या घाटावरच्या एका वाडीची ती. नवरा धुळाजी मेंढरांमागं मुलूखभर हिंडायचा आणि ही घरोघर माळवदं चोपत फिरायची. माळवद म्हणजे मातीचं सपाट छप्पर. सुतार तुळया टाकतो, त्यावर फळ्या अंथरतो आणि मोकळा होतो. त्यापुढं पाला पसरायचा, त्यावर पांढरी माती ओली करून तुडवायची, लाकडी चोपण्यानं बडवून बडवून घट्ट करायची आणि पाणी पन्हाळीकडं पळेल असा उतार धरायचा, हे सगळं बायांचं काम. साखराबाई माळवदावर अनवाणी चालायची. कुठं माती पोकळ झाली, कुठं ओल धरली, ते तिच्या तळपायाला कळायचं. उन्हाळ्यात येऊन ती आधी जुना थर खरवडून काढायची, मगच नवी माती टाकायची. घरधनी कंटाळून म्हणायचा, "आगं टाक की वरच्यावर." यावर तिचं उत्तर ठरलेलं होतं, "तुज्या डोक्यावर दरसाल येक पाटी वाढविली तर चालंल का तुला?"

आप्पाराव आमचे शेजारी. त्यांचं माळवद तिनंच चोपलेलं. एका वर्षी पावसानं गाव धुऊन काढलं, पण आप्पारावांच्या घरात थेंब आला नाही. म्हातारा इतका खूश झाला की त्यानं तिच्या लेकीलाच मागणी घातली. बबिता अशी आमच्या गावात आली, आप्पारावांच्या मुलाची, जीवनची, बायको होऊन. सोयरीक जुळण्याची नाना कारणं मी ऐकलीत, पण छपरावरून जमलेलं लग्न हे एकच.

पुढं दोन गोष्टी एकदमच बिघडल्या. साखराबाईचे गुडघे गेले, तिला शिडी चढवेना. आणि आमच्या गावची गढी गेली. गढीच्या ढिगाऱ्यातून अख्खं गाव पिढ्यान्‌पिढ्या पांढरी माती आणायचं. पुढाऱ्यांनी जेसीबी लावून ती सपाट केली, वर फरशी घालून सभामंडप बांधला आणि नारळ फोडून फोटो काढले. पांढरी फरशीखाली गेली. तेव्हा कुणी हू की चू केलं नाही. मीही नाही. आपला स्लॅब, आपल्याला काय करायचंय?

जीवन पोरगा कष्टाळू, पण भारी हौशी. त्याच्याकडं ट्रॅक्टर. उन्हाळ्यात तलावातला गाळ निघत होता, ज्याला हवा त्यानं न्यावा. गाळ टाकलेल्या रानात कापूस छातीला लागला होता, त्यामुळं गावाला गाळाचं वेडच लागलं होतं. वाळला की तो पांढुरका दिसतो. जीवनच्या डोक्यात आलं, पांढरी नाही तर नाही, हा गाळ काय वाईट? माती ती मातीच. त्यानं एक ट्रॉली घराच्या माळवदावर चढवली. जुना थर खरवडायचं कुणाच्या ध्यानातही आलं नाही, कारण ते काम दरसाल साखराबाईच येऊन उरकायची. माळवद गुळगुळीत दिसू लागलं. ते बघून गल्लीतली माणसं एकेक करून म्हणाली, "जीवन, आमच्याबी वर टाक बे येक ट्रॉली." जीवननं कुणाला नाही म्हटलं नाही. गावात ज्यांची म्हणून माळवदं उरली होती, त्या सगळ्यांवर त्यानं गाळ टाकून दिला.

भादव्यात झड लागली. सूर्य दिसेना. त्यातच बबिताला मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणलं, आतल्या खोलीत शेगडी ठेवली, दाराला गोधडी लावली. बाळंतिणीला वारं लागू द्यायचं नाही म्हणून. लेकीचं बाळंतपण करायला साखराबाई गुडघ्यांना तेल चोळत घाट उतरून आली. आल्याबरोबर तिनं वर बघितलं असणारच, पण खोलीत अंधार आणि शेगडीचा धूर. काही दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती नातीला न्हाऊ घालत होती. परातीच्या काठावर वरून काहीतरी भुरभुरलं. तिनं ते चिमटीत धरलं. माती होती. कोरडी माती. बाहेर पाण्यानं वाहणारी गल्ली, भिंतींना ओल, आणि छतातून धूळ गळतेय! गळकं छप्पर पाणी गाळतं. खालच्या जुन्या थरातली कोरडी माती गळते तेव्हा वरच्या ओझ्यानं फळ्या हलून एकमेकींपासून सुटायला लागलेल्या असतात. साखराबाईनं लेकरू बबिताच्या कुशीत दिलं आणि बाहेर येऊन शिडी मागितली.

ती कशी चढली ते आम्ही आमच्या दारातून बघत होतो. दर पायरीला कण्हत होती. वर पहिलं पाऊल टाकलं तर पाय घोट्यापर्यंत आत गेला. पाणी पिऊन पिऊन गाळाचा खिरीसारखा लगदा झाला होता. पन्हाळीकडं एक थेंब पळत नव्हता. सगळं पाणी वरच मुरलेलं.

"जावईबापू, ह्ये काय घातलंत?" तिचा आवाज फाटला होता.

"गाळ हाय मामी. तलावाचा. लई कसदार."

"कसदार! हितं काय कापूस लावायचाय?"

तिनं खालून खोरं मागवलं आणि गाळ ओढायला लागली. आप्पाराव बाहेर आले आणि ओरडले, "ईनबाई, खाली या! बाळंतिणीच्या डोक्यावर दणकं कावून घालताव?" जीवननं वर जाऊन तिला धरून खाली आणलं. पाऊस उघडला की आपण काढू, म्हणाला. तो वाईट बोलला नाही. त्याला खरंच तसं वाटत होतं.

ती आप्पारावांसमोर उभी राहिली. "इवाई, समद्यांनी पत्र्याच्या गोठ्यात चला. आत्ताच्या आत्ता."

"गोठ्यात? ओली बाळंतीण? वारं लागलं तर कोण भरून देणार?"

"मी सांगते ना, ह्ये पडंल."

आप्पाराव हसले. "तुमी चोपल्यालं माळवद हाय, ईनबाई. मला तुमच्या हाताचं भ्या न्हाई. तुमच्या तोंडाचंच वाटतंय."

माझ्या आयुष्यात मी एवढं वाईट कौतुक ऐकलं नाही. तिच्याच कामावरचा विश्वास तो तिच्यापुढं भिंतीसारखा उभा करत होता.

मग ती आत गेली, लेकरू दुपट्यात गुंडाळलं, पदराखाली घेतलं आणि अंगणातून गोठ्याकडं चालू लागली. आई ती आईच. बबिता कानाला बांधलेलं फडकं सावरत, रडत, शिव्या देत मागं धावली. तिच्यामागं जीवन, हातात गोधड्या. आप्पाराव काही हलले नाहीत. मधल्या खोलीत बाजेवर बसून राहिले.

दुपारी झड थांबली. ऊनही पडलं, चांगलं पिवळंधमक. गल्लीत लोक बाहेर आले, एकमेकांकडं बघून हसले. गोठ्यात वारं शिरत होतं आणि लेकरू शिंकत होतं. बबिता म्हणाली, "आई, आता तरी आत जाऊ दे. माज्या लेकराला काय झालं तर?" साखराबाई उठली आणि घराच्या उंबऱ्यावर आडवी बसली. जावई, लेक, शेजारी, सगळे तिला समजावत होते. मीही सांगितलं, ऊन पडलंय, आता काय व्हायचं राहिलंय? ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "उनानं वली भित वाळून सुटती, तुळई सोडती. तुमाला सिमिटवाल्यांना काय सांगू?" आतून आप्पारावांचा आवाज आला, "बघा, मी बसलोय न्हवं हितं? काय झालं का मला?"

आवाज मोठा झाला नाही. ओल्या पोत्यांची थप्पी कलंडावी तसा झाला. धक्का बसून साखराबाई अंगणात पडली आणि दारातून पाण्यासारखा गाळ बाहेर आला. आम्ही हातांनी उपसत होतो. गाळ उपसून संपत नव्हता. आप्पाराव सापडले तेव्हा बाजेची दोरी त्यांनी मुठीत घट्ट धरलेली होती.

माती दिली, लोक परतले. आणि गावात एकच बोलणं सुरू झालं. एक म्हणाला, बाईनं सकाळी खोरं मारलं, त्या दणक्यानंच पडलं. दुसरा म्हणाला, दणका कशाला, चोपलेलंच कच्चं होतं. त्या लेकी-नातीचा जीव कुणामुळं वाचला, हे कुणाच्या तोंडातून आलं नाही. मला संताप आला होता, पण सुतकाच्या घरासमोर भांडण कसं करणार?

साखराबाईनं ते ऐकलं की नाही ठाऊक नाही. ती गल्लीच्या मध्यात उभी राहून वर बघत होती. समोरची, शेजारची, कोपऱ्यावरची माळवदं. सगळ्यांवर तोच गुळगुळीत गाळ. धारूरच्या बाजूनं आभाळ पुन्हा भरून आलं होतं.

तिनं पहिलं दार ठोठावलं. मग दुसरं. आमचा स्लॅब, म्हणून आमच्या दारात ती थांबली नाही. प्रत्येक ठिकाणी तेच म्हणत होती, "बाहेर निजा. गाळ काडा. पाया पडते." ज्या बाईनं कधी कुणाच्या बापाला जुमानलं नाही, ती पदर पसरत होती. पुरुष मान हलवून आत गेले. जीवन तिच्यामागं चालत होता, खाली मान घालून, आणि ज्याला त्याला सांगत होता की मीच टाकलाय, मीच काढून देतो. त्याच्याकडंही कुणी बघितलं नाही.

शेवटचं घर केशरबाईचं. आत तिच्या सुना, लेकरं, चूल पेटलेली. साखराबाईनं हात जोडले.

केशरबाई उंबऱ्याच्या आतूनच म्हणाली, "आमचं उभं हाय, बाई. पडलं ते तुजं." आणि दार लोटून घेतलं. आतून कडी लावल्याचा आवाज आला. पाऊस सुरू झाला होता.