चौथ्या दिवशी

बाळांनो, परभणीत सांध्यांच्या डॉक्टरांकडे एकदाच भेटलेली एक बाई मला सारखी आठवते. पालमकडची, ऊसतोड करणारी. बोटं माझ्यासारखीच सुजलेली. आठवड्यातून एकदाच घ्यायची गोळी चुकू नये म्हणून ती बाजाराच्या दिवशीच घ्यायची.

तुम्ही पाठवलेला नव्या संशोधनाचा लेख मी फोनवर वाचत होते.

"काय लिवलंय, माय?" तिने विचारलं.

मी सांगितलं, आपलं शरीर आपल्याच सांध्यांना परकं समजून त्यांच्यावर तुटून पडतं. आताची औषधं त्याचा जोर कमी करतात. आपलं कोण, हे शरीराला पुन्हा शिकवता येईल का, ते शास्त्रज्ञ शोधत आहेत.

ती बोटं चोळू लागली. मग म्हणाली, "शिकंल की. आमी सहा महिने उसाला जायचो, पोरगी सासूपाशी. परत आल्यावर मला वळखायचीच न्हाई, लय रडायची. मी कधी वढली न्हाई. नुसती जवळ बसून ऱ्हायचे. चौथ्या दिवशी आपसूक मांडीवर यायची."

"आता केवढी आहे?"

"मोठी झाली. मला कोयता धरवंना, तर माझ्या जागी तीच गेली बापासंगं. आता मी वाट बघायलेय."

तेवढ्यात तिचा नंबर आला.

तुमच्यातली सगळ्यात धाकटी, माझी नात, मला फक्त फोनच्या पडद्यावर ओळखते. येताना तिकिटं काढाल तेव्हा चार दिवस जास्तीचे धरा. मी तिला ओढणार नाही, जवळ बसून राहीन.