दिपमालाच्या चार खोल्या

दिपमाला महाजन हिच्याविषयी लिहायला बसलोय, तर आधीच सांगून टाकतो: मी तिच्यावर जळतो. ती माझ्याहून वीस वर्षांनी लहान. शिक्षण बारावी आणि वर आयटीआयचं वायरमनचं सर्टिफिकेट. मी प्रेमराज चौधरी, धुळ्याच्या कॉलेजातून इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेतलेला, जळगावच्या एमआयडीसीत कंट्रोल पॅनल बनवणाऱ्या कारखान्यात डिझाइन विभागाचा प्रमुख. तरी जळतो. वयाने माणूस शहाणा होतो म्हणतात, माझ्या बाबतीत तसं काही घडलेलं नाही.

ती चोपड्याकडच्या एका खेड्यातली. बाप केळीवाला, तीन बहिणींत ही मधली. आयटीआयला वायरमनच्या वर्गात एकवीस मुलगे आणि ही एकटी. पहिल्या दिवशी मास्तरांनी विचारलं, "शिवणकामाचा वर्ग पलीकडे आहे, चुकून आलीस का?" ही म्हणाली, "नाही सर, तिथे जागा शिल्लक आहेत, इथे शेवटची होती म्हणून पळत आले." लग्नानंतर जळगावच्या पिंप्राळ्यात राहायला आली. नवरा स्वप्नील शाळेची व्हॅन चालवतो. कारखान्यात आली ती कंत्राटावर, पॅनलची वायरिंग करायला. आठ वर्षं तेच करत होती आणि आमच्याकडे तिच्यासारखा पॅनल कोणी भरत नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. दार उघडलं की वायरी वेणी घातल्यासारख्या, प्रत्येकीच्या दोन्ही टोकांना नंबराची नळी. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याने पॅनल भरला त्याने दाराच्या आतल्या बाजूला मार्करने आपलं अक्षर लिहायचं. बिघाड झाला तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून. दिपमाला कोपऱ्यात बारीकसं 'दि' लिहायची. त्या 'दि'ला विचारायची वेळ क्वचितच आली.

आता माझं. पंधरा वर्षांपूर्वी मी पुण्याला जाऊन लॅबव्ह्यू नावाचं सॉफ्टवेअर शिकून आलो. यात ओळीच्या ओळी टाइप करायच्या नसतात. पडद्यावर चौकोन मांडायचे आणि ते वायरींनी जोडायचे, चित्र पुरं झालं की प्रोग्रॅम तयार. जळगावात तेव्हा हे येणारा मी एकटाच, निदान मी तसं सांगत असे. नवीन माणूस आला की मी त्याला चहा पाजून सुरू करायचो: जिनिव्हाजवळ जमिनीखाली सत्तावीस किलोमीटरचा गोल बोगदा आहे, त्यात कणांचे झोत धावतात, आणि झोताच्या कडेचे भरकटलेले कण अडवायला धातूचे जबडे बसवलेत. ते जबडे केसाहून बारीक मापाने सरकतात, आणि त्यांना सरकवणारा प्रोग्रॅम यातच लिहिलाय. चीनमध्ये समुद्रावरचा लांबच लांब पूल आहे, त्याची थरथर यातच मोजतात. ऐकणाऱ्याच्या तोंडाचा आ झाला की मला दिवसभर बरं वाटायचं. जणू बोगद्यातले जबडे मीच घासून पुसून बसवून आलो होतो.

दिपमालाने हे सगळं ऐकलं आणि आ केला नाही. म्हणाली, "सर, म्हणजे हा पॅनलच झाला की. फक्त हाताला झटका बसत नाही."

मला ते लागलं. पंधरा वर्षांची विद्या, आणि ही म्हणते पॅनल! पण मी हसलो आणि रोज जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास कॉम्प्युटरवर बसायची परवानगी दिली. खरं सांगायचं तर ती आपटेल आणि मला बघायला मिळेल म्हणून दिली. आणि आपटलीही. या सॉफ्टवेअरमध्ये वायरीचे रंग ठरलेले असतात. दशांशाचा आकडा नारिंगी, अक्षरं गुलाबी, आणि हो की नाही एवढंच सांगणारी वायर हिरवी. वायरमनच्या जगात हिरवी म्हणजे अर्थिंग, आणि अर्थिंगच्या वायरी सगळ्या एका ठिकाणी आणून जोडायच्या असतात. दिपमालाने इमानेइतबारे पडद्यावरच्या साऱ्या हिरव्या वायरी एकत्र जोडायचा खटाटोप केला. प्रोग्रॅम काही चालेना. ती म्हणाली, "सर, अर्थिंग देऊनसुद्धा का रुसलंय?" मी ही गोष्ट कॅन्टीनमध्ये महिनाभर सांगितली. तीही हसायची, सगळ्यांत जास्त. मग मला मजा येईनाशी झाली.

दुसरी चूक बघायची संधी तिने मला फारशी दिलीच नाही. वर्षभरात ती माझी जुनी चित्रं उघडून वाचायला लागली, जशी एखादी बाई दुसरीच्या घरची भाकरी बघते: बोलत काही नाही, पण कडा जाड राहिली आहे ते तिला दिसलेलं असतं.

मग चोपड्याच्या वना आबांचं काम आलं. आबांच्या केळी पिकवायच्या चार खोल्या. थंडावा किती, पिकवायचा वायू किती सोडायचा, कोंडलेली हवा बाहेर कधी काढायची, हे सगळं आपोआप व्हायला हवं होतं. मी प्रोग्रॅम केला. पहिली खोली तपासायची, मग दुसरी, मग तिसरी, मग चौथी, पुन्हा पहिली. कारखान्यात चाचणी घेतली तर एका खोलीच्या सेन्सरने उत्तर द्यायला उशीर केला की चारही थांबायच्या. आठ दिवस मी डोकं फोडलं. नवव्या दिवशी दिपमाला मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "सर, घरात सगळे दिवे एका बटनावर लावतं का कोणी? चार खोल्या म्हणजे चार बटनं."

तिने चार वेगळी चित्रं काढली. प्रत्येक खोली आपापली चालणारी, एक अडली तरी बाकीच्या तीन आपल्या कामात. हे सॉफ्टवेअर मुळात याच्यासाठीच आहे, एकाच वेळी चार गोष्टी समांतर चालाव्यात म्हणून. मी पुण्यात पहिल्याच आठवड्यात शिकलो होतो. शिकलो होतो आणि पंधरा वर्षं रांगा लावत बसलो होतो.

मालक जीवरामशेठ खूश झाले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चोपड्याचं काम महिनाभर विनातक्रार चाललं तर दिपमाला कायम, आणि डिझाइन विभागात. मात्र प्रोग्रॅममध्ये खोट निघाली तर तिने आपले पॅनल भरावेत." मी टाळ्या वाजवल्या. घरी जाऊन जेवलो मात्र नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर ॲसिडिटी म्हणून सांगितलं.

आबांकडे बसवण्याआधीची शेवटची तपासणी माझ्याकडे होती. चित्राच्या कोपऱ्यात तिने सवयीने 'दि' लिहिला होता. मी तो पुसला आणि आबांना दिसणाऱ्या पुढच्या पडद्यावर ठसठशीत लिहिलं: निर्मिती, प्रेमराज चौधरी. एवढ्याने भागलं असतं तर बरं. पण नुसतं नाव म्हणजे चोरी, आपला हात कुठेतरी लागायला हवा, असं मनाने घेतलं. म्हणून चारही खोल्यांचं सेन्सर वाचण्याचं काम मी चार चित्रांतून काढलं आणि एका ठिकाणी, एका रांगेत लावलं. नीटनेटकं दिसावं म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. चाचणीत सेन्सर धड होते, म्हणून सगळं चाललं.

तेविसाव्या दिवशी सकाळी चोपड्याहून फोन आला. आमचा ड्रायव्हर सुपडू, मी आणि दिपमाला असे निघालो. वना आबा दारातच उभे होते. चौथ्या खोलीतल्या केळ्यांना हात लावला तर गरम, साल मऊ पडलेली. तिसऱ्या खोलीचा सेन्सर बंद पडला होता. रांग तिथे अडली, आणि चौथ्या खोलीतली हवा बाहेर काढायची वेळ झाली आहे हे कोणाला कळलंच नाही.

आबांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हाऊ प्रेमराज चौधरी कोन शे? मन्हा माल शिजी ऱ्हायना, अन हाऊ नाव लिखीसन बठेल शे!"

इकडे त्यांचा माल शिजत होता आणि मी पडद्यावर नाव लिहून बसलो होतो. दिपमाला तोवर चित्र उघडून बसली होती. तिने ती रांग पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं, एकदाच. मला वाटलं, आता बोलणार. बोलायलाच हवं होतं तिने, तिच्या जागी मी असतो तर ओरडून बोललो असतो.

ती उठली आणि आबांसमोर उभी राहिली. "आबा, मन्ही चूक व्हयनी. सरनं नाव वरे शे, काम बठ्ठं मन्हं शे. आते नीट करी देस."

नाव सरांचं, पण काम सगळं आपलं, असं सांगून तिने चूक अंगावर घेतली आणि तासाभरात रांग मोडून चार वाचनं पुन्हा चार खोल्यांत नेली. बाकीच्या तीन खोल्यांची हवा काढायची वेळ अजून आली नव्हती, त्यांचा माल वाचला. परतीच्या वाटेवर मी विचारलं, "असं का बोललीस?"

"आबा तापलेले होते सर. आमच्याकडची माणसं, मला शिव्या देऊन शांत होतील. तुम्हाला बोलले असते तर तुम्हाला लागलं असतं." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "आणि तुम्ही शिकवलं नसतं तर मला ही चूक दिसलीसुद्धा नसती."

"आणि कायम होण्याचं?"

"पॅनल आवडतात मला," ती म्हणाली. पण जळगावला उतरताना ती डबा गाडीतच विसरली. एवढ्या वर्षांत तिला काही विसरताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिने बिघाडाचा अहवाल दिला. कारण: प्रोग्रॅममधील चूक. जबाबदार: दिपमाला महाजन. शेठ सोमवारी निर्णय देणार होते. मला नुसतं गप्प बसायचं होतं, आणि मी गप्प बसणारच होतो. यात लपवण्यासारखं काही नाही. ती पुन्हा पॅनलवर जाणार, डिझाइनमध्ये मी एकटा, जुने दिवस परत येणार. शुक्रवारी मी दोन वाट्या वरण जास्त जेवलो.

पण सुपडू गाडी चालवताना कान बंद ठेवत नाही. शनिवारी कॅन्टीनमध्ये शिरलो तर तोच विषय. "बाईने सरांची चूक अंगावर घेतली." "काय काळीज आहे!" "आपल्याला जमलं असतं का?" मला पाहून एकेक जण कप उचलून कामाला निघाला. चहा घेऊन मी बाहेर आलो आणि तो बेसिनमध्ये ओतला.

माझी चूक सगळ्यांना कळली याचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते त्या काळजाचं. हुशारी तिची, चित्र तिचं, हात तिचा, ते मी कसंतरी गिळलं होतं. आता मोठेपणाही तिचाच? माणसं पुढची दहा वर्षं तिच्या त्यागाच्या गोष्टी सांगणार, आणि त्या गोष्टीत मी कोण, तर ज्याच्यासाठी तिने त्याग केला तो. हे मला सहन होईना. रविवारभर सहन झालं नाही.

सोमवारी शेठच्या केबिनमध्ये तिच्या आधी गेलो. म्हणालो, रांग मी लावली. तिचं अक्षर मी पुसलं. तिचा प्रोग्रॅम जसा होता तसा ठेवला असता तर चौथी खोली वाचली असती. शेठनी लगेच सगळ्यांना खाली बोलावलं.

दिपमाला कायम झाली. डिझाइन विभागात तिचं टेबल माझ्या शेजारी लागणार असं ठरलं. आणि मग शेठ माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "चूक कोणाकडूनही होते. पण स्वतःहून येऊन सांगायला छाती लागते. टाळ्या प्रेमराजसरांसाठी!" सगळ्यांनी वाजवल्या. मी का सांगितलं होतं हे त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

सर्वांत जोरात दिपमाला वाजवत होती. डोळ्यांत पाणी, तोंडभर हसू. मी तिच्या चेहऱ्याकडे निरखून बघत होतो. कौतुक आज माझ्या वाट्याला आलं, म्हणून कुठेतरी एक कण तरी असूया दिसेल, ओठाच्या कोपऱ्यात, डोळ्यांच्या कडेला. टाळ्या थांबेपर्यंत मी शोधलं. नव्हती. असती तर आमची बरोबरी तरी झाली असती.