वजनरावांचा बनियन

बंगले, फ्लॅट आणि एका खोलीची घरं यांच्या कचऱ्याचे वेगवेगळे ढीग निवडायचे आणि कशाचं किती वजन भरतं ते बघायचं, हे त्यांचं पालिकेतलं काम. म्हणून सगळे त्यांना वजनराव म्हणत. बंगल्यांच्या पिशव्यांत गवत आणि फांद्या, फ्लॅटवाल्यांकडे खोकीच खोकी, आणि एका खोलीच्या घरांत साली, चहाचा चोथा, झाडून काढलेली माती. हे त्यांच्या इतकं अंगात भिनलं होतं, की कुठे लग्नाला गेले तरी पाहुण्यांकडे बघून ते मनातल्या मनात त्यांची पिशवी भरत. बायको कपाळाला हात लावी.

सध्या मात्र स्वारी रुसून बसली होती. पहिल्या पगारातून घेतलेला बनियन हरवला होता. त्यात कापड कमी आणि भोकं जास्त, पण जीव जडलेला! बायको म्हणे, "मला काय माहीत? उंदरांनी नेला असेल."

उंदीर बिचारे निर्दोष होते. बनियन तिनेच काढून टाकला होता, तोही डोकं लढवून. एका खोलीच्या घरांचा ढीग वजनराव स्वतः निवडत, आणि यांचं घर त्यातलंच. म्हणून तिने तो आपल्या बहिणीकडे दिला. बहीण एका बंगल्यात स्वयंपाकाला होती. तिने तो तिथल्या कचऱ्याच्या बादलीत टाकला.

नेमकी त्याच वेळी बंगल्यांचा ढीग निवडणाऱ्याची दाढ ठणकायला लागली आणि त्याच्या जागी वजनराव बसले. गवताखालून त्यांच्या बनियनच्या काखेतलं हिरव्या दोऱ्याचं ठिगळ वर आलं. त्यांना अगदी भरून आलं.

साहेब डोकावले. "बंगल्यात असलं कापड? नवलच आहे. घ्या वजनात."

"साहेब, माझा आहे हो हा!"

सगळे पोट धरून हसले. साहेबांनी तो बंगल्यांच्या वजनातून काढायला लावला. काटा जागचा हलला नाही.

घरी येताच त्यांनी तो बायकोपुढे धरला. "बंगल्यात सापडला."

ती क्षणभरच गडबडली. "बघा! बंगल्यातली माणसंही असलेच घालतात."

वजनराव हसले नाहीत. "मला न विचारता टाकलास तू," ते बनियन छातीशी धरून म्हणाले.

तिला वाईट वाटलं. तिने सुईदोरा काढला. "द्या इकडे. आधी धुते, मग शिवते. कचऱ्यातून आलाय तो."

"मीही रोज तिथूनच येतो."

"मग?" सुईत दोरा ओवत ती म्हणाली, "तुम्हाला टाकलं का कधी?"