टाकीखालचा हिरवा टिपका

भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. वडील अंगारे-धुपारे उंबऱ्याच्या आत येऊ देत नसत. मासिकात लोकांचे असले अनुभव छापून येतात, ते मी दुपारी वाचते आणि मनातल्या मनात हसते. पण स्वतःचा सांगायचा म्हटलं की जीभ उचलत नाही... चार माणसांत बोलायची मला लहानपणापासून भीती. म्हणून मुलीच्या जुन्या वहीतल्या कोऱ्या पानांवर लिहिते आहे. कुणी वाचलंच, तर एवढं समजा – यात मी काही वाढवलेलं नाही.

आम्ही भोसरीत कारखान्यांच्या मागच्या गल्लीत राहतो, तळमजल्याची खोली. आमचे हे चाकणला शिफ्टला मोटारसायकलवर जातात. गाडी जुनी घेतलेली, पाण्याच्या रेडिएटरची. इंजिन तापलं की पुढचा छोटा पंखा आपोआप सुरू होतो. मागच्या उन्हाळ्यात तो सुरू होईना. ट्रॅफिकमध्ये अडकलं की तापाचा लाल दिवा लागायचा.

रविवारी सकाळी बाबूभाई आले. पलीकडच्या गल्लीत त्यांचं गॅरेज आहे.

"वहिनी, चहा टाका. पेशंटला ताप आहे आणि डॉक्टरला घाम आहे."

"आधी पेशंट बघा राव, चहा कुठं पळून जातोय?" हे म्हणाले.

मी दारात बसून तांदूळ निवडत होते. बाबूभाईंनी फ्यूज पाहिला, चांगला होता. पंख्याला बॅटरीतून थेट दोन वायरी लावल्या – गरकन फिरला. "मोटार ठणठणीत." मग ताप ओळखणाऱ्या सेन्सरच्या दोन वायरी एकमेकींना जोडल्या. आता पंखा फिरायला हवा होता. पंख्याला करंट सोडणारा रिले टक् वाजला, पण पंखा हलला नाही.

"म्हणजे करंट मधेच कुठंतरी बसून राहिलाय," बाबूभाई म्हणाले. मग बॅटरी काढून गोणपाटावर ठेवली आणि टाकी उचलली. खाली वायरी एकमेकींना जोडणारा पांढरा कपलर होता. त्याच्या कडेला एक हिरवा टिपका.

माझ्या हातातलं सूप तिरकं झालं.

त्याचं कारण सांगायला मागे जावं लागेल. लग्नानंतर मी चार वर्षं गाड्यांच्या वायरिंगच्या कंपनीत होते. शिक्षण चौथीपर्यंत, पण तिथं बोटंच लागतात. मला काम शिकवलं सुनंदाताईंनी, जालन्याकडच्या. "ढकल, टक् ऐक, मग ओढून बघ. ओढल्याबिगर टिपका द्यायचा नाही, काय?" वायरीच्या टोकाची पिन कपलरमध्ये ढकलायची, वायर ओढून बघायची आणि मगच आपल्या रंगाचा टिपका द्यायचा. ताईंचा हिरवा, माझा लाल. टिपका म्हणजे आपली सही.

एका दुपारी माझा मार्कर सुकला. बोटाला फोडही आला होता. ताईंनी न विचारताच आपला मार्कर पुढे केला. एक ट्रेभर काम मी तसंच केलं – नुसतं ढकलत गेले, ओढलं एकदाही नाही. आणि टिपके दिले हिरवे.

काही आठवड्यांनी त्यातले काही कपलर सैल म्हणून परत आले. साहेब लाइनवर उभे राहिले. "हिरवा कुणाचा?"

सगळ्यांनी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. पुढच्या महिन्यात त्या पर्मनंट होणार होत्या. मी तोंड उघडलं असतं तर... उघडलं नाही. ताईंची नोकरी तिथंच गेली. त्यांनी नुसता ॲप्रन काढला, घडी घातली आणि टेबलावर ठेवला.

त्यानंतर त्या मला कधी भेटल्या नाहीत.

बाबूभाई कपलर उघडून आत बघत होते. "पिना तर सगळ्या जागेवर दिसतात. काय कळेना."

मला कळलं होतं. तरी मी गप्पच... पुन्हा तशीच. मग कुठून धीर आला ठाऊक नाही. मी म्हणाले, "ओढून बघा. एकेक वायर."

"वहिनी, गॅरेज काढताय की काय?" बाबूभाई हसले आणि ओढू लागले. तिसरी वायर पिनेसकट हातात आली. ती कधी धरलेलीच नव्हती, इतकी वर्षं नुसती टेकून होती. ताईंच्या टिपक्याखाली सैल पिन असूच शकत नाही. म्हणजे हे माझ्या हातचं. हजारो गाड्यांतली तीच माझ्या दारात.

आणि पंखा सुरू झाला.

वायर बाबूभाईंच्या हातात. बॅटरी गोणपाटावर.

"ओ, थेट दिलंय का कुणी?" बाबूभाई ओरडले.

"कशानं देणार? बॅटरी माझ्या पायापाशी आहे राव!"

"वारं असेल..." बाबूभाई म्हणाले. पण दोरीवरचा टॉवेलसुद्धा हलत नव्हता. पंखा मात्र भरधाव फिरत होता, त्याची हवा माझ्या पायांना लागत होती.

मी उठून जवळ गेले. दोन पुरुषांसमोर, मोठ्यानं म्हणाले, "ताई, तो टिपका माझा होता."

पंखा हळू झाला. एकेक पातं दिसायला लागलं. मग थांबला.

बाबूभाईंनी नवा कपलर बसवला. तेव्हापासून पंखा नीट चालतो. ते आजही म्हणतात, वारंच असणार. ह्यांना मी सगळं सांगितलं. हे एवढंच म्हणाले, "मग तेव्हा का नाही बोललीस गं?"

ताईंचा जुना नंबर लावून पाहिला, बंद आहे. कंपनीतल्या एकीला विचारलं, तिलाही पत्ता माहीत नाही. ताई आहेत की... तो पंखा म्हणजे त्यांचा काही निरोप होता का, हा विचार मी पुढे जाऊ देत नाही. वायर नसताना, बॅटरी नसताना तो कशानं फिरला, ते मला अजून कळलेलं नाही.

जुना कपलर मी मागून घेतला. परवा दुकानातून लाल मार्कर आणला आणि हिरव्याशेजारी माझा टिपका दिला. पण तो बघायला साहेब नाहीत, आणि ताईही नाहीत.